इंदुरात बीएससी नर्सिंगला नंबर लावायचाय? कुठून सुरू करायचं ते सांगते

बारावी बायोचा रिझल्ट लागला की सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरकडच्या कुणा ना कुणा काकूंचा फोन येतोच, "अगं तू नर्सिंगमध्ये आहेस ना, आमच्या पोरीचा नंबर लागेल का?" लागेल हो. मध्य प्रदेशात नर्सिंगची सीट मिळणं अवघड नाहीच, एजंट घरी येऊन चहा पिऊन सीट देऊन जातात. अवघड आहे ते अशा कॉलेजात नंबर लागणं जिथं शिकवायला माणसं आहेत, वॉर्डात खरे पेशंट आहेत आणि चार वर्षांचं शिक्षण चार वर्षांतच संपतं. अशी कॉलेजं मोजकी, म्हणून चढाओढ सगळी तिथंच. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहितेय, म्हणजे नुसता फॉर्म कसा भरायचा एवढंच नाही, कशाला हो म्हणायचं आणि कुठून उठून यायचं ते पण.

आधी कोर्स कोणता ते ठरवा

एएनएम म्हणजे सहाय्यक नर्सचा कोर्स दोन वर्षं, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षं, बीएससी म्हणजे डिग्री चार वर्षं. बीएससीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पाहिजेच आणि इंग्लिश पास पाहिजे, पीसीबी मिळून जनरलला ४५ टक्के, एससी-एसटीला ४० टक्के, आणि ॲडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण. हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं, म्हणजे सगळ्या देशाचं. जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सवाल्या पण चालतात, ४० टक्के आणि इंग्लिश पास असलं की झालं. आणि हो, जीएनएम म्हणजे कमी दर्जाचं वगैरे जे नातेवाईक सांगतात ते डोक्यातून काढा, जीएनएम करून रजिस्ट्रेशन झालं की नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएससीची डिग्री मिळते. चांगल्या हॉस्पिटलमधलं जीएनएम हे रिकाम्या बिल्डिंगमधल्या बीएससीपेक्षा कधीही भारी, कारण इंटरव्ह्यूला कुणी मार्कशीट बघून खूश होत नाही, "कॅन्युला लावून दाखव" म्हणतात, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची नळी.

मुलांसाठी लगेच एक गोष्ट. सरकारी बीएससीच्या जागा मुलींसाठीच ठेवायची पद्धत इथं चालत आलीये, तर मुलांनी रूलबुकमध्ये पात्रतेचं पान सगळ्यात आधी वाचायचं आणि मग फी भरायची. एम्सचं बीएससी ऑनर्स आणि मिलिटरी नर्सिंग दोन्ही फक्त मुलींसाठी. मुलांचा रस्ता जास्त करून प्रायव्हेट कॉलेजातून जातो, आणि पुढं एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत पण ८० टक्के जागा बायकांना आणि २० टक्के पुरुषांना असं असतं. म्हणजे जागा आहेत पण कमी, हे माहीत असून यायचं असेल तर जरूर या, ऑर्थोच्या वॉर्डात आणि आयसीयूत मेल स्टाफ नसला की काय हाल होतात ते आम्हाला विचारा.

कागद आत्ताच काढा, रिझल्टची वाट बघू नका

माझं तर म्हणणं आहे की परीक्षेत नापास होण्यापेक्षा कागदात अडकणाऱ्या पोरी जास्त असतात. आपल्या मराठी घरांत तर एक खास घोळ असतो, नावाचा. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही, दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव आणि आडनाव, समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख नंबरात, आडनावाचं स्पेलिंग वेगळंच, आणि आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं एका ठिकाणी सासरचं. महाराष्ट्रात हे कुणाच्या लक्षात पण येत नाही, तिथं सगळ्यांचीच नावं तशी, पण इथं कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाला त्या तीन शब्दांचा मेळ लागत नाही आणि तो म्हणतो मॅडम ये तो अलग नाम है. तर दहावीची मार्कशीट हा पाया धरायचा, तिच्यावर जसं नाव तसंच आधारवर करून घ्यायचं, मग समग्र, मग बँक पासबुक, आणि मगच परीक्षेचं प्रोफाइल बनवायचं. उलट्या क्रमानं गेलात तर दोनदा फेऱ्या.

मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, लोक सेवा केंद्रातून काढा. जातीचं सर्टिफिकेट लागत असेल तर मध्य प्रदेशचं, डिजिटल सहीचं. हे नीट समजून घ्या कारण खूप घरांत गैरसमज आहे. आजोबा जळगाव किंवा नागपूरकडून आलेले, त्यांच्याकडं महाराष्ट्राचं जातीचं सर्टिफिकेट आहे, तर ते दाखवून इथं रिझर्व्हेशन मिळत नाही, इथल्या यादीत ती जात असायला हवी आणि सर्टिफिकेट इथल्या एसडीएम ऑफिसचं हवं. काही जाती तिकडं ओबीसीत आहेत आणि इथं नाहीत. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचं सर्टिफिकेट, काढणार असाल तर ते त्या त्या आर्थिक वर्षाचं लागतं, मागच्या वर्षीचं कपाटातून काढून नेलं तर परत पाठवतील.

याशिवाय दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, सीबीएसईवाल्यांना मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र, सरकारी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, आणि फोटो भरपूर, एकाच दिवशी काढलेले, कारण फॉर्मवरचा, ॲडमिट कार्डचा आणि काउन्सेलिंगचा फोटो सारखा असला की कुणी प्रश्न विचारत नाही. सगळं स्कॅन करून मोबाईलमध्ये आणि एका मेलमध्ये पण ठेवा. घरचा एकच मोबाईल नंबर फॉर्मवर द्या आणि तो नंबर चार महिने बंद पडू देऊ नका, ओटीपी त्याच्यावरच येतो. दादाचा नंबर दिला आणि दादा पुण्याला नोकरीवर गेला, हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच.

एमपी ऑनलाईनच्या कियॉस्कवर जाऊन फॉर्म भरला तरी चालेल पण शेजारी बसून एक एक रकाना स्वतः वाचा, कॅटेगरी, जन्मतारीख आणि डोमिसाइल हे तीन तर बोट ठेवून. त्याला दिवसात शंभर फॉर्म भरायचे असतात, तुम्हाला एकच.

परीक्षा कोणत्या द्यायच्या

इथली मुख्य परीक्षा म्हणजे पीएनएसटी, प्री नर्सिंग सिलेक्शन टेस्ट, सरकारी नर्सिंग कॉलेजांसाठी. घेणारी संस्था भोपाळचं कर्मचारी चयन मंडळ, तेच जुनं व्यापम, नाव बदललं तरी इंदुरात अजून सगळे व्यापमच म्हणतात. जीएनएमसाठी जीएनटीएसटी, तीच संस्था. सरकारी बीएससी कॉलेजं इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर, रीवा, उज्जैन अशा ठिकाणी आहेत. इंदूरच्या पोरी एमवायमध्ये शिकतात, म्हणजे महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, आणि तिथं एका कॅज्युअल्टी ड्युटीत जे बघायला मिळतं ते बाकी ठिकाणी वर्षभरात दिसणार नाही. गर्दी, गोंधळ, एका बेडवर काय आणि खाली काय, ते पण सगळं आलं त्यात, खोटं कशाला सांगू.

तारखांचं मात्र काही सांगू नका कुणाला पक्कं म्हणून. मागच्या काही वर्षांत कोर्टकचेरीमुळं परीक्षा, रिझल्ट, काउन्सेलिंग सगळंच पुढंमागं झालंय, तर चयन मंडळाची वेबसाइट आठवड्यातून एकदा स्वतः उघडून बघायची सवय लावा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका.

दुसरी एम्सची. बीएससी ऑनर्स नर्सिंग, आपल्याला जवळचं एम्स भोपाळ. तिथं बारावीत पीसीबी आणि इंग्लिश मिळून ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५०. पेपर वेगळा, निगेटिव्ह मार्किंग आहे, चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात. तुक्के मारायची सवय असेल तर इथं महागात पडतं. फॉर्म दोन टप्प्यात भरायचा असतो, आधी बेसिक रजिस्ट्रेशन आणि मग पुढचं, खूप जणी पहिला टप्पा भरून "झालं" म्हणून बसतात आणि दुसऱ्याची तारीख निघून जाते.

तिसरी, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. याची माहिती आपल्याकडं फार कमी घरांत असते आणि मला त्याचं नवलच वाटतं. पुण्याचं एएफएमसी म्हणजे फौजेचं मेडिकल कॉलेज, मुंबईचं नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल, कोलकाता, दिल्ली, लखनौ आणि बंगळूर अशी सहा कॉलेजं आणि सगळ्या मिळून २२० जागा. यासाठी नीटचा स्कोअर लागतो, बारावी पहिल्याच प्रयत्नात ५० टक्क्यांनी पास हवी, लग्न झालेलं नको, आणि नीटच्या स्कोअरवर शॉर्टलिस्ट झाल्यावर एक कॉम्प्युटर टेस्ट, इंटरव्ह्यू आणि मेडिकल. पुढं फौजेत नोकरी करायचा करार असतो, तो वाचून समजून सही करायची. शिकतानाचा खर्च जवळजवळ नाही, आणि बाहेर पडली की लेफ्टनंट. तर डॉक्टर व्हायचं नसलं तरी नीटचा फॉर्म भरून ठेवा, हा एक दरवाजा त्यानंच उघडतो.

आता महाराष्ट्राचं. "आपण मराठीच ना, आत्या पुण्यात आहे, तिथं कोट्यात होईल" हे ऐकून ऐकून कंटाळले. नाही होत. महाराष्ट्रात बीएससी नर्सिंगची वेगळी सीईटी आहे आणि राज्याच्या कोट्याला तिथलं डोमिसाइल लागतं, दहावी-बारावी पण तिथूनच केलेली लागते. मराठी मातृभाषा म्हणून सीट मिळते ती कर्नाटक सीमाभागातल्या मुलांना, इंदूरवाल्यांना नाही. आत्याकडं राहायची सोय होईल, कोटा नाही होणार.

अभ्यास

पीएनएसटीत पाच भाग, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या नियमांत शंभर मार्कांपैकी पाचही भागांना २०-२० असं सारखं वाटप सांगितलंय. याच्यातच सगळी गोम आहे. कारण या परीक्षेला तुमच्या शेजारी कोण बसतं, तर दोन-दोन वर्षं भंवरकुआंला, म्हणजे इंदूरच्या क्लासवाल्या भागात, नीटचा क्लास केलेल्या पोरी, ज्यांना डॉक्टरकीला नंबर लागला नाही. त्यांची बायो तोंडपाठ असते, बायोत त्यांना हरवायला जाल तर दमून जाल. पण इंग्लिशकडं त्या ढुंकून बघत नाहीत आणि ॲप्टिट्यूडचं तर त्यांना वाटतं हे काय, मनानं लिहू. मग ४० टक्के पेपर असा आहे जिथं तुम्ही आणि त्या एका रेषेवर उभ्या आहात. तर तुमचे रोजचे पहिले दीड तास इंग्लिश आणि ॲप्टिट्यूडला द्या, बाकी नंतर.

इंग्लिशमध्ये व्याकरणाचं जाडजूड पुस्तक नको. टेन्स, आर्टिकल, प्रिपोझिशन, सिनोनिम-अँटोनिम, आणि एक उतारा रोज. हिंदी मीडियमच्या पोरींनी जरा जास्त लावून धरा कारण कॉलेजात गेल्यावर पहिल्याच सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंग फाउंडेशन आणि कम्युनिकेटिव्ह इंग्लिश असं सगळं एकदम येतं आणि पुस्तकं इंग्लिशमध्ये. घरी मराठी, शाळेत हिंदी, पुस्तक इंग्लिश, तिन्हीची खिचडी डोक्यात होते पहिले काही महिने, मग बसते सगळं.

ॲप्टिट्यूडमध्ये प्रसंग देतात. पेशंट औषध घ्यायला नाही म्हणतोय तर तुम्ही काय कराल, सोबतच्या नर्सनं चुकीचा डोस दिलेला दिसला तर कुणाला सांगाल, पेशंटच्या नातेवाइकानं रिपोर्ट विचारला तर सांगाल का. उत्तर निवडताना एवढं बघा की पेशंटचा जीव सगळ्यात आधी, मग त्याची मर्जी आणि त्याची खाजगी गोष्ट खाजगी ठेवणं, मग वरिष्ठांना कळवणं, आणि जे तुम्हाला येत नाही ते स्वतःच्या मनानं न करणं. ज्या पर्यायात नर्स हीरोइन होऊन एकटीच सगळं करते तो बहुतेक चुकीचा असतो. याच्यासोबत हात धुणं, लसी, सामान्य आजार, पोषण, आरोग्याच्या सरकारी योजना यावर साधे प्रश्न येऊ शकतात, ते पेपर वाचणारीला जमतात.

बायोत मानवी शरीर, प्रजनन, आजार आणि प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता आधी, वनस्पती नंतर, पण वनस्पती सोडू नका, सोपे मार्क तिथंच असतात. केमिस्ट्रीत सोल्यूशन, बायोमॉलिक्यूल्स, ॲसिड-बेस. फिजिक्सला घाबरून पूर्ण सोडणाऱ्या खूप आहेत, तसं नका करू, एकक, दाब, लेन्स, करंट एवढं पक्कं केलं तरी निम्मं निभतं. आणि बायो घेतलं म्हणजे गणित सुटलं असं कुणी समजत असेल तर ऐका, ५०० मिलीची सलाईनची बाटली चार तासांत जायला पाहिजे, सेट २० थेंबांना एक मिलीचा आहे, तर मिनिटाला थेंब किती? ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. हे वॉर्डात रात्री दोन वाजता, झोप येत असताना, कॅल्क्युलेटर न शोधता करायचं असतं.

क्लास लावायचा का? माझं मत नको. एनसीईआरटी दोनदा वाचलेली, मागचे पेपर वेळ लावून सोडवलेले, हे पुरतं. नुसता नर्सिंगचा क्लास म्हणून जे चालतात त्यात पुष्कळसे दुसरीकडं एखाद्या कॉलेजचे एजंट पण असतात, क्लासच्या शेवटी "सीट आम्ही करून देऊ" सुरू होतं, तिथं सावध.

काउन्सेलिंग

रिझल्ट लागल्यावर एमपी ऑनलाईनच्या पोर्टलवर वैद्यकीय शिक्षण संचालनालयाची, म्हणजे डीएमईची काउन्सेलिंग. रजिस्ट्रेशन, मग चॉइस फिलिंग, मग सीट अलॉट, मग कॉलेजात जाऊन कागद तपासून रिपोर्टिंग. चॉइस भरताना एक नियम डोक्यात ठेवा, तुमच्या मनात जो क्रम आहे तोच भरा, "इथं मिळणारच नाही" म्हणून वरचं कॉलेज खाली टाकू नका, वर टाकल्यानं खालच्याचा चान्स जात नाही. आणि जिथं जायचंच नाही ते नाव यादीत नको, कारण मिळालं तर अडकाल. चॉइस लॉक करायचं विसरू नका, त्याची प्रिंट काढा.

सीट मिळाली पण अजून चांगली हवी असेल तर अपग्रेडचा पर्याय असतो, तो निवडला आणि वरची सीट मिळाली की आधीची आपोआप सुटते, मग रडून उपयोग नाही, हे घरी सगळ्यांनी बसून ठरवायचं. रिपोर्टिंगची मुदत दोन-चार दिवसांची असते आणि ती गणपतीत आली तरी त्यांना काही घेणंदेणं नसतं. शेवटी मॉप-अप म्हणजे उरलेल्या सीटांची फेरी, मग सीएलसी म्हणजे कॉलेज स्तरावरची काउन्सेलिंग, ती संपेपर्यंत आशा सोडायची नाही, पण रोज पोर्टल उघडायचं. सरकारी कॉलेजात बाँड असेल तर किती वर्षांचा आणि मोडला तर किती रुपये, हे सही करायच्या आधी वाचा.

प्रायव्हेट कॉलेज घेणार असाल तर इथं थांबून वाचा

२०२२ पासून मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं जे प्रकरण गाजलं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. हायकोर्टाच्या आदेशावरून सीबीआयनं ३०८ कॉलेजं तपासली, त्यातली १६९ योग्य, ७४ मध्ये त्रुटी आणि ६५ अयोग्य असं निघालं. आणि मग २०२४ च्या मे महिन्यात सीबीआयनं तपासणी करणाऱ्या आपल्याच माणसांना कॉलेजांकडून पैसे घेतल्याबद्दल अटक केली, त्यामुळं हायकोर्टानं योग्य ठरलेल्या १६९ ची पण परत तपासणी सांगितली. यात कॉलेजवाल्यांचं काय व्हायचं ते होईल, पण पोरींच्या परीक्षाच होत नव्हत्या, चार वर्षांचा कोर्स लांबत गेला, घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं, बँकेचं लोन तसंच चालू. म्हणून "मान्यता आहे" या शब्दावर कधीच विश्वास ठेवायचा नाही, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असलं तरी.

तपासायचं असं. आधी मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची त्या सत्राची यादी, त्या सत्राची म्हणतेय, मागच्या नाही. त्यात कॉलेजचं नाव, पत्ता आणि बीएससीच्या सीटा किती ते बघा, एकसारख्या नावाची दोन कॉलेजं असतात म्हणून पत्ता जुळवा. मग इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर तेच नाव, बाहेरच्या राज्यात किंवा परदेशात नोकरी करायची असेल तर हे नाव असणं फार कामाला येतं. मग विद्यापीठाची संलग्नता, तिचा कागद चालू वर्षाचा मागा.

हे झालं घरबसल्या. आता प्रत्यक्ष जायचं, आणि रविवारी नाही, मंगळवार-बुधवारी सकाळी अकराला, न सांगता. बीएससी कॉलेजला स्वतःचं किमान १०० बेडचं हॉस्पिटल लागतं, तर ते हॉस्पिटल दाखवा म्हणा. ऑफिसातल्या सोफ्यावर बसून ब्रोशर बघू नका, वॉर्डात चला. बेड आहेत पण चादरीला घडी सुद्धा पडलेली नाही, सलाईनच्या स्टँडवर धूळ, ओपीडीत कुणी नाही, म्हणजे समजून जा. जिथं खरं काम चालतं तिथं वास येतो, आवाज असतो, कुणीतरी सिस्टर कुणावर तरी ओरडत असते. चोइथराम, अरबिंदोसारख्या ठिकाणी मोठं हॉस्पिटल आवारातच आहे, तिथं निदान हा प्रश्न येत नाही, तरी यादी आणि फी तपासायचीच.

मग टीचर. दहा विद्यार्थ्यांमागं एक असं प्रमाण असायला हवं. फॅकल्टीची यादी मागा आणि मग सहज विचारा की यातल्या अमुक मॅडम आहेत का आत्ता, भेटायचं होतं. एकच माणूस कागदावर चार-चार कॉलेजांत शिकवतो हे या सगळ्या प्रकरणात बाहेर आलेलंच आहे.

आणि सगळ्यात खात्रीचं, गेटबाहेर चहाच्या टपरीवर थर्ड इयरच्या पोरींना गाठा. पोस्टिंग कुठं असते, लेबर रूम मिळाली का, इंजेक्शन खऱ्या माणसाला दिलंय का बाहुलीलाच, मागच्या सेमिस्टरची परीक्षा कधी झाली, रिझल्ट आला का, आणि फीशिवाय अजून कशाकशाचे पैसे घेतात. त्या तुम्हाला पाच मिनिटांत सगळं सांगतील, फक्त आई-बाबांनी तेव्हा जरा बाजूला उभं राहायचं.

कुणी "नॉन अटेंडिंग करून देतो, घरी बसून डिग्री" म्हणालं की तिथून सरळ उठा. कौन्सिलच्या नियमानं थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री मिळायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी तर शंभर टक्के भरून द्यावी लागते. जो माणूस हजेरीच खोटी द्यायला तयार आहे त्याचं बाकी काय खरं असणार.

पैशाचं. पावती शिवाय एक रुपया नाही, कॅश तर नाहीच. चारही वर्षांची फी, हॉस्टेल, युनिफॉर्म, बस, परीक्षा फी असं सगळं लिहून मागा. ओरिजनल मार्कशीट "जमा करून घेतो" म्हणाले तर दाखवा, तपासू द्या, परत आणा, आणि ठेवायलाच लागल्या तर सही-शिक्क्याची पोच घ्या, कारण नंतर कॉलेज सोडायचं म्हटलं की त्या मार्कशीटच ओलीस राहतात. एससी, एसटी, ओबीसीच्या पोरींनी पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपचा फॉर्म त्याच वर्षी भरायचा आणि तो स्वतःच्या बँक खात्याला जोडायचा, एजंट "स्कॉलरशिपमध्ये फी ॲडजस्ट करू" म्हणतो तेव्हा खातं आणि पासवर्ड कुणाच्या हातात जातोय ते बघा.

घरच्यांशी बोलणं

हे पण कामच आहे, टाळू नका. नाइट ड्युटीचं आजीला आधीच सांगून टाका. सकाळची ड्युटी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ, रात्रीची आठ ते सकाळी आठ असं साधारण असतं, आणि शिकतानाच नाइटला पण जावं लागतं. "घाण काढावी लागते" असं कुणी मामी-काकू म्हणतील, तर हो, काढावी लागते, बेडपॅन पण द्यावा लागतो, उलटी पण पुसावी लागते, आणि पेशंटला बीपी किती, लघवी किती झाली, श्वास कसा चाललाय हे डॉक्टरच्या आधी आपल्याला कळतं ते पण त्यामुळंच. ज्या पोरीला रक्त बघून चक्कर येते ती पण शिकते, पहिल्या-दुसऱ्या वेळेला सगळ्यांनाच येते. पण जिला माणसांशी बोलायचाच कंटाळा आहे तिनं लॅब टेक्निशियन किंवा फार्मसीचा विचार करावा, मनापासून सांगतेय.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस सुरू करून टाका, शून्य, एक आणि सहा महिने असं असतं, म्हणजे नंबर लागायची वाट बघण्याच्या काळातच पहिले दोन होऊन जातात. चांगले पांढरे बूट घ्या, कॉलेजवाले जे देतात ते टाचेला लागतात. सेकंदकाट्याचं घड्याळ, डिजिटल नको, नाडी मोजायला लागतं.

आणि यावर्षी नाहीच लागला नंबर तर? पीएनएसटीत थोडक्यात राहिलं असेल आणि वय १८-१९ असेल तर एक वर्ष थांबून परत द्या, घरात बसून नाही, बीएससी बायोला ॲडमिशन घेऊन. घरची परिस्थिती थांबू देत नसेल तर सरकारी किंवा मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलचं जीएनएम. ही दोन्ही नाही आणि फक्त ते रिकाम्या वॉर्डाचं कॉलेज उरलंय, एजंट म्हणतोय आज पाच वाजेपर्यंत पैसे भरा नाहीतर सीट जाईल, तर जाऊ द्या ती सीट. पुढच्या आठवड्यात तोच फोन करेल, फी थोडी कमी करून.